आजी, एमसीबी आणि माझी माळ

मित्रांनो, इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आलेला असणार. पहिल्या सेमिस्टरला आपण जेमतेम ओहमचा नियम शिकतो, सुट्टीला घरी जातो आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आई मिक्सर पुढे करते. शेजारच्या काकू बंद पडलेली इस्त्री घेऊन येतात. "अरे, तू इलेक्ट्रिकलचा ना?" या एका वाक्यापुढे आपलं काही चालत नाही. खरं सांगायचं तर आपल्यालाही ते आवडतं. व्हायव्हाला सरांसमोर ज्याची बोलती बंद होते, तो गल्लीत मात्र इंजिनिअर असतो!

दिवाळीत तर हा मान हक्काचाच. माळा लावायचं काम आपोआप आपल्याकडे येतं. आज जे सांगणार आहे ते या मानाबद्दलच आहे. थोडं लाजिरवाणं आहे, पण सांगायलाच हवं असं मला वाटतं.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीची. तेव्हा मी सेकंड इयरला होतो. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, रविवारी, १२ नोव्हेंबरला. आमचं घर साताऱ्यात, जुनं. पुढे ओटा, ओट्याला लोखंडी ग्रिल, खाली शहाबादी फरशी. शनिवारी दुपारी घरी पोचलो, बाजारातून एलईडीच्या दोन माळा आणल्या आणि संध्याकाळी कामाला लागलो. माळ ग्रिलच्या टोकापर्यंत जात होती, पण तिची वायर आतल्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती. मग काय, इंजिनिअरिंग! माळेचा टू-पिन प्लग कापला, माळ्यावर पडलेली जुनी वायर काढली, दातांनी सोलली, पीळ देऊन जॉइंट मारला. इन्सुलेशन टेप सापडेना म्हणून बहिणीच्या कंपासमधली सेलोटेप गुंडाळली. मग सगळी वायर ग्रिलच्या गजांना तारेने घट्ट बांधली. माळ लागली, झगमगाट झाला. आजी ओट्यावर येऊन म्हणाली, "माझा नातू विंजेनेर हाय, म्हणून येवढा उजेड!" येणाऱ्या-जाणाऱ्या दोघा-तिघांना तिने ते ऐकवलंही.

रात्री साडेअकराला मी बटण बंद केलं आणि झोपलो.

पहाटे आईने ओटा धुतला, सडा-रांगोळी झाली. आजीचं अभ्यंगस्नान उरकलं. ती ओल्या पायांनी, अनवाणी, हातात पणती घेऊन ओट्यावर आली. ग्रिलच्या खालच्या पट्टीवर पणती ठेवताना तिच्या बोटांची मागची बाजू गजाला लागली. पुढचं मला फक्त आवाजावरून कळलं. आधी पणती फुटल्याचा आवाज, मग आजी पडल्याचा.

आम्ही धावलो. ती फरशीवर बसली होती, उजवं मनगट धरून. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं, तुझी माळ चावली की मला!"

बाबांनी आधी मेन स्विच पाडला, मगच आजीला उचललं. पुढे मनगटाला प्लास्टर लागलं, सगळी दिवाळी ती एका हाताने चकलीचे तुकडे करून खात होती. पण मला जे सांगायचं आहे ते प्लास्टरबद्दल नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडल्या?" आजीने क्षणभरही न थांबता सांगितलं, "पाय घसरला. वली फरशी." ती माझ्याकडे बघतही नव्हती. आणि मी, बेसिक इलेक्ट्रिकलला चांगले मार्क मिळवलेला मी, गप्प बसलो. शेवटी बाबाच म्हणाले, "डॉक्टर, शॉक लागलाय त्यांना." डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढायला सांगितला. ईसीजी नॉर्मल आला, नशीब. पण समजा बाबा बोललेच नसते तर? विजेच्या धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात हे डॉक्टरांना माहीत असतं, पण धक्का बसलाय हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

असो. आता जरा अभ्यासाचं बोलू. दुपारी मी टेस्टर घेऊन ओट्यावर गेलो (पायात चपला घालून, हे सांगायला नको). बटण बंद ठेवून मेन चालू केला आणि ग्रिलला टेस्टर लावला. टेस्टर लागला! बटण बंद आणि ग्रिलमध्ये फेज! आधी माझा विश्वासच बसेना. मेन पुन्हा पाडून, बोर्ड उघडून बघितलं तेव्हा उलगडा झाला. आमच्या जुन्या घरात कुठल्यातरी वायरमनने त्या सॉकेटचं बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये टाकलं होतं. म्हणजे बटण बंद केलं की न्यूट्रल तुटायचा, दिवे विझायचे, पण फेज तसाच माळेपर्यंत जाऊन बसायचा. माळ विझली म्हणजे मेली, असं आपण समजतो. ती मेलेली नसते, नुसती गप्प असते.

ही वायरमनची चूक झाली. दुसरी माझी. सेलोटेपची कड सुटली होती आणि जॉइंटमधली तांब्याची तार गजाला टेकली होती. दोन चुका एकमेकींना अनोळखी, पण त्या ओट्यावर त्यांची गाठ पडली.

आता तुम्ही म्हणाल, रात्रभर ग्रिलमध्ये करंट होता तर आधी कुणालाच का बसला नाही? हाच प्रश्न मलाही पडला होता. रात्री बाबांनी ग्रिलचं दार लावलं होतं. विचारल्यावर म्हणाले, "हाताला मुंगी चावल्यासारखं झालं होतं खरं. मला वाटलं, पत्र्याची कड लागली." त्यांच्या पायात रबरी चप्पल होती, फरशी कोरडी होती. सर्किट पूर्ण झालं नाही. पहाटे आजी अनवाणी होती, पाय ओले, फरशी ओली. सर्किट पूर्ण झालं. दोष रात्रीही होता, तेवढाच होता. फक्त तो दाखवून देणारं माणूस पहाटे आलं.

"इतकी वर्षं लावतोय, कधी काही झालं नाही" असं आपल्याकडे हमखास ऐकायला मिळतं. मी आता या वाक्याला घाबरतो. कारण काही न होणं म्हणजे माळ सुरक्षित असणं नव्हे. कदाचित अजून कुणी ओल्या पायांनी तिथे गेलं नसेल, एवढंच. आणि गंमत बघा, आपल्या घरात ओल्या पायांनी, ओल्या केसांनी, अनवाणी फिरण्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस कुठला? अभ्यंगस्नानाचा! नेमक्या त्याच पहाटे आपण दारात, ग्रिलवर, तुळशी वृंदावनाभोवती सगळीकडे वायरी पसरलेल्या असतात.

दुसरा लाडका समज, "एमसीबी आहे की, पडेल!" मीही व्हायव्हात हेच उत्तर दिलं असतं. पण साधं गणित करू. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स पंधराशे ओहमच्या आसपास धरा. २३० भागिले १५०० म्हणजे साधारण ०.१५ अँपिअर, म्हणजे १५० मिलीअँपिअर. माणसाला दहा-पंधरा मिलीअँपिअरला स्नायू आखडून हात सोडवता येईनासा होतो आणि पन्नासच्या पुढचा करंट सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. आता एमसीबीचं बघा. आमच्या घरातला सर्वांत छोटा एमसीबी सहा अँपिअरचा. सहा हजार मिलीअँपिअर! त्याच्यासमोर १५० म्हणजे काय? गुणाकार केला तर साधारण ३५ वॅट. एमसीबीच्या लेखी माझी आजी म्हणजे ३५ वॅटचा एक बल्ब. तो कशाला पडेल? एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं, अंडरलाइनही केलं होतं. समजलं मात्र त्या दिवशी.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुने लोक ज्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात, तोच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तोलत बसतो. दोन्ही सारखे तर ठीक. तीस मिलीअँपिअर कुठेतरी गळले तर तो ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो, गळती त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. दोन्ही वायरी तोडतो, त्यामुळे आमच्यासारखं उलटं बटण असलं तरी बिघडत नाही. दोन-तीन हजारांत मिळतो. आपल्यापैकी किती जणांच्या खिशातला मोबाइल यापेक्षा स्वस्त आहे? मात्र एक लक्षात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. त्याच्या हिशेबी जमाखर्च बरोबर जुळतो!

तिसरा समज, "एलईडी तर तीन व्होल्टचा, त्याने काय होतंय?" बाबांच्या तरुणपणी लोक सहा व्होल्टचे बारके बल्ब आणून घरीच सिरीज बनवायचे. २३० ला सहाने भागलं की अडतीस येतात, म्हणून अडतीस-चाळीस बल्ब एकापुढे एक. आजच्या बऱ्याच स्वस्त माळांत तत्त्व तेच आहे. एका एलईडीला दोन-तीन व्होल्ट, म्हणून असे कितीतरी सिरीजमध्ये आणि थेट मेन्सवर. एलईडीच्या दोन पायांमध्ये तीनच व्होल्ट असतील हो, पण ती वायर आणि जमीन यांच्यात किती? तिथे २३० व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं. आणि एक एलईडी तुटला की तुटलेल्या दोन टोकांमध्ये जवळजवळ सगळं व्होल्टेज येऊन बसतं. तिथेच लहान पोरं बोट घालतात, "हा एवढाच का पेटत नाही" हे बघायला.

मग कुणीतरी म्हणतं, "सगळा दोष त्या चिनी मालाचा." मला हे अर्धंच पटतं. केसाएवढी वायर आणि नावगाव नसलेलं खोकं विकणारे दोषी आहेतच. सरकारने २०१७ मध्ये एलईडीच्या माळा सक्तीच्या नोंदणीच्या यादीत घेतल्या. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घेणं हे आपल्या हातात आहे. पण माझ्या सेलोटेपवर कुठल्या देशाचा शिक्का होता? प्लग नाही म्हणून दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून त्यांना काडेपेटीच्या काड्यांची पाचर मारायची पद्धत कुणाची? ती शंभर टक्के स्वदेशी आहे! ब्रिटनमध्ये नेहमीच्या प्लगच्या आतच छोटा फ्यूज असतो. आपल्या प्लगमध्ये तो नसतो. म्हणजे माळेची बारीक वायर आणि भिंतीतला सोळा अँपिअरचा एमसीबी यांच्यामध्ये सावध असं कुणीच नाही. असलाच तर माळ लावणारा माणूस. म्हणजे आपण.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जो माळ लावतो तो त्या चार दिवसांपुरता घरचा वायरमन असतो. "इंजिनिअर नातू" हे कौतुक आपण खुशाल घेतो, मग त्याची जबाबदारीही घ्यायला नको का? ही जबाबदारी फार अवघड नाही. मी आता घरी काय करतो ते सांगतो. उपदेश वाटला तर वाटू दे.

१. माळ आधी प्लग न लावता, दिवसाउजेडी, हातातून एकेक वीत सरकवून बघायची. चिरलेली, उंदराने कुरतडलेली, तुटक्या एलईडीची माळ सरळ बाद. दीडशे रुपयांच्या माळेला टेप लावून वाचवण्यात काही हुशारी नाही.

२. बाहेर जॉइंट नाही म्हणजे नाही. वायर पुरत नसेल तर सॉकेटजवळचं ठिकाण सजवायचं.

३. माळ लोखंडी ग्रिलला, पत्र्याला, कपडे वाळत घालायच्या तारेला थेट बांधायची नाही आणि बांधायला धातूची तार तर मुळीच वापरायची नाही. सुतळी किंवा प्लास्टिकचे टाय. खिळा वायरमधून ठोकायचा नाही. (हसू नका, मी बघितलंय.)

४. ओट्यावर, तुळशीपाशी, मुलांच्या हाताशी ॲडॉप्टरवर चालणारी किंवा पाच व्होल्टची यूएसबी माळ. ॲडॉप्टर मात्र घरात, कोरड्या जागी.

५. माळेला हात लावायचा तर आधी प्लग काढायचा. नुसतं बटण नाही. प्लग! बाबांनी मला हे लहानपणी शिकवलं होतं. किर्चहॉफ त्यांना ठाऊक नव्हता, पण हे ठाऊक होतं.

६. कागदी आकाशकंदिलात जुना साठ वॅटचा बल्ब नको. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एलईडी बल्ब लावा. गणपतीत मखराच्या आत माळा सोडतो तिथेही हेच. २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण कापड, कागद आणि फोमही पेट घेतातच. रात्री झोपताना आणि घराला कुलूप लावताना प्लग बाहेर.

७. कुणाला शॉक लागून चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करायची. श्वास नसेल तर सीपीआर आणि १०८ ला फोन. आणि डॉक्टरांना खरं सांगायचं.

हा शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने दगावणाऱ्यांचा आकडा देशभरात वर्षाला दहा हजारांच्या वर असतो. हे झाले दगावलेले. जे वाचतात, ज्यांचा हात मोडतो, ज्यांना "मुंगी चावते", त्यांची नोंद कुठेच होत नाही. कारण घराघरात एक आजी असते आणि ती म्हणते, "पाय घसरला." नातवाची लाज राखायला. शेजाऱ्यांनी विचारलं, मावशीने फोनवर विचारलं, सगळ्यांना तिने तेच सांगितलं. आणि सगळ्यांनी मान डोलावली, ओल्या फरशीला नावं ठेवली आणि घरी जाऊन आपापल्या ग्रिलवरच्या माळा तशाच चालू ठेवल्या! मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर निदान आमच्या गल्लीतल्या चार घरांनी आपले जॉइंट बघितले असते. मी लाजेखातर गप्प बसलो, आणि ती चूक मला सेलोटेपपेक्षाही मोठी वाटते.

भाऊबीजेच्या दिवशी मी आजीजवळ बसलो आणि म्हटलं, "आजी, तू घसरली नाहीस. माझ्या जॉइंटने पडलीस. लोकांना खरं सांग." ती म्हणाली, "मला कुटं ठावं जॉइंट का फॉइंट. पर तू मुद्दाम केलंस व्हय?" मुद्दाम कोणीच करत नाही, आजी. तीच तर अडचण आहे.

आपल्या डिपार्टमेंटला माझी एक सूचना आहे. आपण ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट घेतो, मोटरचा ब्लॉक्ड रोटर टेस्ट घेतो, रीडिंग कधी कधी सीनियरच्या फाइलमधून घेतो (!). त्यात एक प्रॅक्टिकल स्वतःच्या घराचं का नको? दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने घरी जाऊन तीन गोष्टी बघायच्या : आरसीसीबी आहे का, सॉकेटची बटणं फेजमध्ये आहेत का, माळेला जॉइंट किती. बोर्ड उघडायचा तर मेन बंद करून आणि जाणत्या माणसाला जवळ ठेवून. एक पानाचा रिपोर्ट. हा रिपोर्ट सीनियरच्या फाइलमधून उतरवता येणार नाही! शिवाय सुट्टीच्या आठवडाभर आधी कॉलेजच्या गेटवर एक टेबल टाकू, दोन मल्टीमीटर ठेवू. गावातले लोक माळा आणतील, आपण तपासून देऊ. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनीही यावं, त्यांच्या घरीही माळा असतात. गॅदरिंगला स्टेजवर जी काही वायरिंग करतात, ती बघता त्यांनी तर यावंच यावं!

आमच्या घराचं सांगतो. त्याच डिसेंबरात आरसीसीबी बसला, उलटं बटण सरळ झालं. आरसीसीबीला टी लिहिलेलं एक टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. हे काम आजीने स्वतःकडे घेतलं आहे. महिन्याच्या एक तारखेला ती "समदे टीव्ही बंद करा रं" अशी हाळी देते आणि बटण दाबते. खट् आवाज झाला की समाधानाने म्हणते, "जित्ता हाय."

२०२४ च्या दिवाळीत मी ग्रिलच्या आतल्या बाजूला, लाकडी चौकटीवर, पाच व्होल्टची माळ लावली. उजेड आधीपेक्षा कमीच पडला. आजी पहाटे अनवाणी आली, पणती ठेवली, आणि मुद्दाम गजाला हात लावून माझ्याकडे बघून हसली.

तर मित्रांनो, यंदा घरी जाल तेव्हा माळ लावण्याआधी दहा मिनिटं द्या. आणि चुकून काही झालंच, तर "घसरलो" म्हणू नका.

शुभ दीपावली!

– बी. ई. (इलेक्ट्रिकल)